कास्टिंगबरोबर टेस्ट सर्टिफिकेट (टीसी) जातं, माणसाला मात्र पत्र नाही : कोल्हापूरच्या उद्योजकांना खुले पत्र

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहत आणि शहरातलं उद्यमनगर इथले सर्व उद्योजक व त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी

स.न.वि.वि.

मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी फौंड्रीतच, म्हणजे धातू वितळवून यंत्रांचे भाग (कास्टिंग) ओतणाऱ्या कारखान्यात लागली आणि तेव्हापासून वाळू, धातू आणि मोजमाप यातच माझा दिवस जातो. मी ज्या फौंड्रीत काम करत होते, तिथं या जानेवारीत सगळ्यांना नेमणुकीची पत्रं वाटली. आजवर कुणालाच पत्र नव्हतं, त्यामुळं आधी आनंदच झाला. मग पत्रं उघडून पाहिली. जवळजवळ सगळ्यांची रुजू झाल्याची तारीख एकच होती, १ जानेवारी २०२६. मी गेल्या पावसाळ्यापासून तिथं कामाला होते. शेजारच्या मोल्डिंग लाइनवर, जिथं वाळूचे साचे बनतात, सोळा-सोळा वर्षं काढलेली माणसं होती, त्यांनाही तीच तारीख. मी सही केली नाही. त्यानंतर माझी नोकरी राहिली नाही.

फौंड्रीचं नाव इथं लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, आणि "आधी कामावर या, लेटरचं नंतर बघू" ही पद्धत एका कारखान्यापुरती नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. माझ्या बरोबरीनं डिप्लोमा झालेल्या, आयटीआय झालेल्या मुलामुलींना विचारा. उद्यमनगरातल्या मशीन शॉपपासून शोरूमच्या काउंटरपर्यंत आणि खासगी शाळेच्या स्टाफरूमपर्यंत हीच तऱ्हा ऐकायला मिळेल.

माझ्या बाबतीत काय झालं ते थोडक्यात सांगते. जुन्या नोकरीत मला नेमणुकीचं पत्र होतं, दर महिन्याला पगारपत्रक मिळत होतं, पगार मात्र कमी होता. नव्या ठिकाणी मुलाखत चांगली झाली. प्लांट हेडनी मला थेट स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) नेलं, एक नमुना मारायला लावला आणि विचारलं, एसजीच्या (चिवट ओतीव लोखंडाच्या) हीटमध्ये, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूत, मॅग्नेशियम ०.०२ टक्के दाखवतंय, काय कराल? मी म्हटलं, मॅग्नेशियम कमी आहे, ती लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) ओतू देणार नाही. त्यांना उत्तर आवडलं. "या सोमवारपासनं," म्हणाले. हातात २२ हजार ठरले. लेटरचं विचारलं तर एचआरमधून उत्तर आलं, "मिळंल की! हितं काय कोण पळून चाललंय? आधी जॉइन तर व्हा." जुन्या ठिकाणी मी राजीनामा दिला आणि नोटीस पिरियड शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण केला, कारण तिथल्या पत्रात तसं लिहिलेलं होतं आणि मी त्यावर सही केली होती.

नव्या ठिकाणी पहिला पगार पाकिटातून रोख आला, १८ हजार. व्हाउचरवर सही घेतली, त्याची प्रत दिली नाही. फरकाचं विचारल्यावर कळलं की मी तीन महिने प्रोबेशनवर आहे. हा शब्द मुलाखतीत कुणीच उच्चारला नव्हता. तीन महिने संपले, फरक आला नाही. लेटरचं दर वेळी वेगळं कारण. ड्राफ्ट तयार आहे, साहेब पुण्याला गेलेत, कन्सल्टंटकडे पाठवलंय, दिवाळी होऊ दे. दरम्यान माझी डिप्लोमाची मूळ मार्कलिस्ट आणि प्रमाणपत्र "व्हेरिफिकेशनसाठी" म्हणून एचआरच्या कपाटात होती. त्यांची पोच दिली नव्हती.

आता मला तुमच्याशी तुमच्याच कामाच्या भाषेत बोलायचं आहे.

आपल्या फौंड्रीतून एक साधं पंपाचं केसिंग बाहेर पडायचं असेल तर त्याच्यामागे किती कागद असतात? ग्राहकाची परचेस ऑर्डर आल्याशिवाय पॅटर्नला हात लागत नाही. ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर बघितल्याशिवाय मोजमाप होत नाही, जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग शॉपवर दिसलं तर ऑडिटर शेरा मारतो. ओतण्याआधी लॅडलमधून नमुना घ्यायचा, चकती ग्राइंड करायची, स्पेक्ट्रोवर स्पार्क द्यायचा, कार्बन-सिलिकॉन-मॅंगनीज-फॉस्फरस-सल्फर सगळं रजिस्टरमध्ये चढवायचं. प्रत्येक हीटला नंबर. तो नंबर कास्टिंगवर, कार्डावर आणि टेस्ट सर्टिफिकेटवर. माल गेटबाहेर जाताना पीडीआय (माल पाठवण्यापूर्वीच्या तपासणीचा) रिपोर्ट, टीसी, चलन, इनव्हॉइस, ई-वे बिल. चार वर्षांनी कुठल्यातरी शेतात एखाद्या ट्रॅक्टरचं हाउसिंग फुटलं, तर हीट नंबरवरून आम्ही शोधून काढू शकतो की ते कुठल्या दिवशी, कुठल्या शिफ्टला ओतलं आणि त्या दिवशी कार्बन किती होता. ही शिस्त आपल्या जिल्ह्यानं कष्टानं कमावली आहे आणि मला तिचा अभिमान आहे. त्या शिस्तीतला एक भाग मी स्वतः आहे.

त्याच फौंड्रीत, मी कुठल्या दिवशी कामाला लागले हे सांगणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

लॅबच्या भिंतीवर स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोण कुठलं काम शिकलंय याचा तक्ता, लावलेलं होतं. त्यात माझं नाव होतं, नावापुढे स्पेक्ट्रो, सॅंड टेस्टिंग, हार्डनेस या रकान्यांत भरलेली वर्तुळं होती. ग्राहकाचे ऑडिटर आले की त्यांना ते दाखवलं जायचं, ही मुलगी प्रशिक्षित आहे, हिच्या सहीवर विश्वास ठेवा. जुलैपासूनच्या कितीतरी टीसींवर माझी सही आहे. त्या टीसी आज पंप आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांच्या फायलींत सुखरूप आहेत. म्हणजे मी तिथं काम करत होते याचा पुरावा तुमच्या ग्राहकांकडे आहे, माझ्याकडे नाही. आणि १ जानेवारीचं ते पत्र खरं मानायचं, तर जुलै ते डिसेंबर त्या टीसींवर सही करणारी बाई कंपनीत नव्हतीच. मग त्या सर्टिफिकेटांचं काय? मला उत्तर हवंय ते याच प्रश्नाचं.

ही पत्रं अचानक का वाटली गेली, तेही सांगते, कारण अनेकांना ते माहीत नाही. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाल्या. त्यातली एक, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीबद्दलची २०२० ची संहिता. तिच्या कलम ६ मध्ये मालकाच्या कर्तव्यांत स्पष्ट म्हटलं आहे की प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या वेळी नियुक्तीपत्र द्यायचं, आणि ज्यांना आधी दिलेलं नाही त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ही संहिता लागते. आधीच्या कायद्यांत इतक्या सरसकट शब्दांत हे नव्हतं. कामगाराच्या दृष्टीनं हे मोठं पाऊल आहे.

पण त्याचं काय केलं गेलं? पत्र द्यायला लागणार म्हणून पत्र दिलं, आणि मागची सगळी वर्षं कापून टाकली.

जेवणाच्या सुट्टीत मोल्डिंगचे एक काका त्यांचं पत्र घेऊन लॅबच्या दारात आले. हात धुतलेले होते तरी नखांत काळी वाळू होती, म्हणून पत्र त्यांनी कडेला धरलं होतं, डाग पडू नये असं. पत्र इंग्रजीत होतं. "ताई, ह्यात काय लिवलंय जरा वाचून सांगा की. सही करा म्हणत्यात." मी वाचलं. हुद्दा हेल्पर, रुजू तारीख १ जानेवारी २०२६. मी तारीख सांगितली तर त्यांना वाटलं मी चुकून वाचलं. "अवो, म्या पहिली भट्टी पेटली तवापासनं हाय हितं." मी परत वाचलं. ते गप्प झाले आणि मग विचारलं, "मग माझं मागचं कुठं गेलं?"

त्यांचं मागचं कुठं गेलं, याचा हिशेब मी तुमच्यासमोर मांडते. ग्रॅच्युइटीचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या मासिक वेतनाला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि पूर्ण झालेल्या वर्षांनी गुणायचं. कुणाचं वेतन १५,६०० रुपये धरलं तर एका वर्षाचे ९,००० होतात, सोळा वर्षांचे १ लाख ४४ हजार. कायम कामगाराला ती मिळायला सलग पाच वर्षं सेवा लागते. काकांच्या निवृत्तीला पाच वर्षंही उरलेली नाहीत. म्हणजे नव्या तारखेप्रमाणे त्यांच्या हातात १ लाख ४४ हजारांऐवजी शून्य पडणार. मुलीच्या लग्नाचं कर्ज फिटलं असतं त्यात. पीएफच्या नोंदी तरी असतील असं मला वाटलं होतं. त्या काही वर्षं एका ठेकेदाराच्या नावावर, काही वर्षं दुसऱ्याच्या नावावर आणि मध्ये मोकळी जागा अशा होत्या. माणूस एकाच भट्टीसमोर उभा, कागदावर मात्र तीन ठिकाणी फिरलेला.

कायद्यानं एका खोट्या तारखेमुळं मागची सेवा पुसली जात नाही, हे मला माहीत आहे. पण ती सिद्ध करायची कुणी? वर्षात २४० दिवस काम केलं हे दाखवण्याचा पहिला भार कामगारावरच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली म्हटलेलं आहे. मस्टर मालकाकडे, व्हाउचर मालकाकडे, गेटचं रजिस्टर मालकाकडे. वर कामगाराच्या स्वतःच्या सहीचं पत्र की मी १ जानेवारीला लागलो. त्या सहीनंतर कोर्टात उभं राहणं किती अवघड होतं, ते पत्र तयार करणाऱ्या कन्सल्टंटला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

काकांनी सही केली. बहुतेकांनी केली. कुणाचा मोटारसायकलचा हप्ता, कुणाचं पतसंस्थेचं कर्ज, कुणाची पोरगी अकरावीत. त्यांना मी दोष देत नाही.

माझ्या पत्रात तारखेशिवाय आणखी गोष्टी होत्या. हुद्दा ट्रेनी. पगार १८ हजार, २२ चा कुठे उल्लेख नाही. मी नोकरी सोडायची तर तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कंपनीनं काढायचं तर कोणतंही कारण न देता तात्काळ. मी एचआरमध्ये जाऊन एवढंच म्हटलं की तारीख खरी लिहा, मी आत्ता सही करते, पगाराचं नंतर बोलू. मला सांगण्यात आलं की सगळ्यांना एकच फॉरमॅट आहे. दोन दिवसांनी गेटवर सिक्युरिटीनं थांबवलं. त्याच्याकडे चिठ्ठी होती, त्यावर माझं नाव. तो बिचारा खालमानेनं म्हणाला, "मॅडम, आत सोडू नका म्हणून सांगितलंय." काढून टाकल्याचंही पत्र नाही. नेमलं तोंडी आणि काढलं चिठ्ठीवर.

मूळ मार्कलिस्ट परत मिळवायला बऱ्याच खेपा झाल्या. शेवटच्या महिन्याचा पगार अजून आलेला नाही. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळं देणं चुकतं व्हायला हवं. माझ्या पीएफच्या खात्यात जुनी नोकरी संपल्यापासून जानेवारीपर्यंत भगदाड आहे, आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीत "या काळात काय करत होतात?" हा प्रश्न येणार आहे.

घरी वडील म्हणाले, "उसाची काटापावती घेतल्याबिगर मी कारखान्याच्या गेटातनं गाडी बाहेर काढत न्हाई. तुम्ही शिकलेली पोरं कागद न घेता कामावर जाताच कशी?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, म्हणून त्याचं उत्तर इथं देते. वडिलांच्या पावतीमागे शेतकऱ्यांचं अख्खं आंदोलन उभं आहे. चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) मिळाली नाही तर जिल्हा पेटतो, हे कारखान्याला माहीत असतं. नव्या नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या पोराच्या मागे कुणी नसतं. त्यानं लेटर मागितलं की "ह्याला आत्तापासनंच कायदा कळतोय" असं ऐकायला मिळतं आणि दुसऱ्याला बोलावलं जातं. जुना राजीनामा दिल्याशिवाय नवी जागा थांबत नाही आणि नव्या जागेचं पत्र हजर झाल्याशिवाय मिळत नाही. या दोन्हींच्या मधल्या दिवसांत माणूस फक्त तुमच्या शब्दावर उभा असतो. तो शब्द लिहून द्यायची ताकद फक्त तुमच्याकडे आहे, त्यामुळं जबाबदारीही तुमचीच.

माझ्यापेक्षा जास्त नुकसान होणाऱ्या माणसांबद्दलही लिहायला हवं. आपल्या फौंड्र्यांत कोअर शॉपमध्ये (साच्याच्या आतले वाळूचे गाभे बनतात तिथं) बायका मोठ्या संख्येनं काम करतात. बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहे, पण बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. जिच्या कामाला सुरुवातीची तारीखच नाही, ती ८० दिवस कुठून मोजणार? सातव्या महिन्यात तिला "आता घरी बसा, नंतर या" म्हटलं जातं आणि नंतर आली की ती नवी कामगार.

आणि अपघात. वितळलेलं लोखंड १४०० अंशांच्या आसपास असतं. ओल्या लॅडलमध्ये पडलं तर उसळतं. ते अंगावर उडताना तुमचं लेटर निघालंय का, हे विचारत नाही. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विम्याचं (ईएसआय) संरक्षण आहे, त्यासाठी मालकाला वेतनाच्या फक्त ३.२५ टक्के भरावे लागतात आणि कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात. माणूस पहिल्या दिवसापासून भट्टीसमोर उभा राहतो, विम्यात नाव मात्र "पर्मनंट झाल्यावर" चढतं. मधल्या काळात भाजलेल्या मुलाच्या घरच्यांना दवाखान्याच्या बिलासाठी वर्गणी काढताना मी पाहिलं आहे. अपघातानंतर घाईनं नाव चढवायची जी धावपळ होते, तीही पाहिली आहे.

तुमची बाजू मला अजिबात कळत नाही असं नाही. नवी मुलं दोन दिवस येतात आणि तिसऱ्या दिवशी फोन उचलत नाहीत. शिकवून तयार केलेला सेटर (मशीन लावून देणारा कामगार) हजार रुपये जास्त मिळाले की शेजारच्या कारखान्यात जातो. ऑर्डरींचा भरवसा नसतो, मोठ्या कंपन्या पैसे अडवून ठेवतात. पण जे दोन दिवसांत पळून जातात त्यांच्यासाठी पत्रातच प्रोबेशनचं कलम घाला, कोण नाही म्हणतंय? आणि मोठ्या ग्राहकानं पैसे अडवले की तुम्हीच सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यातला ४५ दिवसांचा नियम पुढे करता. तो पुढे करताना तुमच्या हातात काय असतं? परचेस ऑर्डर, चलन, इनव्हॉइस. तोंडी ऑर्डरवर माल ओतून बुडालेले उद्योजक आपल्या गावात आहेत, आणि म्हणूनच आज तुम्ही पीओशिवाय हलत नाही. कागद नसलेल्या माणसाचं काय होतं हे तुम्हाला आमच्याइतकंच कळतं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हे पत्र अन्यायाचं होईल. सध्या मी उद्यमनगरातल्या एका लहानशा मशीन शॉपमध्ये तपासणीचं काम करते. माणसं थोडीच आहेत, पत्र्याची शेड आहे, एचआर विभाग वगैरे काही नाही. मालकांनी बोलणं झालं त्याच संध्याकाळी लेटरहेडवर मराठीत एक पान लिहून दिलं. नाव, काम, पगार आणि त्याची फोड, कामाची वेळ, सुट्टी, प्रोबेशन तीन महिने, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, आणि रुजू व्हायची तारीख. खाली त्यांची सही, माझी सही, एक प्रत मला. चहा येईपर्यंत काम झालं. जे एका शेडमधल्या माणसाला जमतं ते ऑटोमॅटिक मोल्डिंग लाइन बसवणाऱ्यांना जमत नाही, हे मी मान्य करणार नाही.

आपल्या या शहराला लेखी हुकमाची मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तो २६ जुलै १९०२ चा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापलेला आहे. दरबारात बोलून दाखवलं असतं तरी कुणाची नाही म्हणायची छाती नव्हती. तरी त्यांनी तो छापला, म्हणून त्यावर कुणाला बोट ठेवता आलं. गेल्या ऑगस्टमध्ये, कित्येक वर्षांच्या लढ्यानंतर, मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांची सोय झाली. पण तिथं जाऊन उभं राहायला पहिला कागद तुमच्या ऑफिसातून निघावा लागतो.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

जानेवारीपासून दिल्या गेलेल्या पत्रांतल्या खोट्या तारखा दुरुस्त करा. ही माझी सर्वात मोठी मागणी आहे. मस्टर, व्हाउचर, ठेकेदारांची बिलं, सगळं तुमच्याकडे आहे, कोण कधी लागलं ते एका आठवड्यात काढता येईल. ज्यांनी सह्या केल्या आहेत त्यांनाही सुधारित पत्र द्या, आणि ठेकेदाराच्या नावावर काढलेली वर्षं त्यात धरा.

यापुढे पत्र कामावर हजर होण्याच्या आधी हातात पडू दे. उमेदवारानं जुना राजीनामा देण्याच्या आधी मिळालं तर उत्तमच. व्हॉट्सॲपवर सहीचा फोटो पाठवलात तरी चालेल, मूळ प्रत पहिल्या दिवशी द्या.

पत्र मराठीत असावं. इंग्रजी हवं तर सोबत जोडा. त्यात ठरलेला पगार जसाच्या तसा, प्रोबेशन असेल तर किती महिने, आणि नोटीस दोन्ही बाजूंना सारखी.

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नका. बघा, झेरॉक्स घ्या, समोर परत द्या. पीएफ आणि विम्याची नोंद पहिल्या दिवसाच्या तारखेनं करा. पगार बँकेत आणि पगारपत्रक दर महिन्याला. माणूस जाईल तेव्हा दोन दिवसांत हिशेब आणि अनुभवाचं पत्र, मग तो भांडून गेला असला तरीही.

उद्योजक संघटनांकडे माझी वेगळी मागणी आहे. तुमच्याकडे वकील आहेत, कन्सल्टंट आहेत, सभागृहं आहेत. एक पानाचा मराठी नमुना तयार करा आणि प्रत्येक सभासदाला पाठवा. लहान कारखानदाराला पत्र कसं लिहायचं हेच कळत नसेल तर त्याची अडचण एका दिवसात मिटेल. आणि ज्याला पत्र नाकारलं जातं, त्या कामगाराला संघटनेच्या ऑफिसात येऊन सांगता येईल असा एक माणूस नेमा. सभासदाला आतून सांगितलेलं जास्त लागू पडतं, हा माझा अनुभव आहे.

या पत्राची प्रत मी कामगार खात्याला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही देत आहे. त्यांना विनंती अशी की तपासणीत फक्त "पत्रं दिली का?" एवढं विचारून थांबू नये. पत्रातली तारीख, कामगाराच्या तोंडून ऐकलेली तारीख आणि क्वालिटीच्या रजिस्टरवरची त्याची सही शेजारी शेजारी ठेवून बघावी. कामगाराशी बोलताना सुपरवायझरला बाजूला उभं करावं.

ज्यांना अशी पत्रं मिळाली आहेत त्या कामगार बंधू-भगिनींना एकच सांगते. सही करावी लागली असेल तर पत्राची प्रत मागून घ्या, आणि ओळखपत्र, गेटपास, शिफ्टचे मेसेज, पगाराच्या नोंदी, पीएफचं पासबुक, जे हाताशी असेल ते जपून ठेवा. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या दाव्यात मालकावर असते.

उद्योजकहो, तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या आणि काय ठरलं ते जाहीर करा. बैठकीत मला बोलावलंत तर कामावरून रजा काढून येईन. मोल्डिंगच्या काकांनाही घेऊन येईन, पण त्यांच्या नोकरीला धक्का लागणार नाही असं आधी लिहून द्या.

आपली,
एक क्वालिटी इन्स्पेक्टर
तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर